विजयालक्ष्मी पंडित : एका ठरावाची दीर्घ वाटचाल

भारताच्या परराष्ट्र धोरणाला पहिले मोठे यश मिळाले, तेव्हा भारत स्वतंत्र झालेला नव्हता. ८ डिसेंबर १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीचा ठराव ३२ विरुद्ध १५ मतांनी संमत केला. ७ देश तटस्थ राहिले. त्या दिवशी दिल्लीत हंगामी सरकार होते, व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांचा मुक्काम अद्याप हललेला नव्हता आणि मतदानात ब्रिटन भारताच्या विरोधात होते. राज्यकर्त्या देशाविरुद्ध मत मिळवून जिंकणाऱ्या त्या शिष्टमंडळाचे नेतृत्व ४६ वर्षांच्या विजयालक्ष्मी पंडित करीत होत्या. एखादे सरकार आपल्या हद्दीतील माणसांना कसे वागवते, हा इतर देशांनी विचारण्याजोगा प्रश्न आहे की नाही, हा त्या दिवशीचा खरा वाद होता. पुढील ३२ वर्षे हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आणि अखेर तो त्यांच्या स्वतःच्या घराच्या दारातही येऊन उभा राहिला.

१८ ऑगस्ट १९०० रोजी अलाहाबाद येथे त्यांचा जन्म झाला. वडील मोतीलाल नेहरू त्या काळातील अग्रगण्य वकील, आई स्वरूपराणी. मुलीचे नाव स्वरूपकुमारी ठेवण्यात आले. थोरले बंधू जवाहरलाल त्यांच्याहून ११ वर्षांनी मोठे होते. आनंद भवनातील वैभव, इंग्रज शिक्षिका, घरच्या घरी झालेले शिक्षण हे सारे सर्वश्रुत आहे. औपचारिक पदवी त्यांना मिळाली नाही. पुढे अनेक विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. परंतु शाळा-महाविद्यालयाचा उंबरठा आपण ओलांडला नाही, याची खंत त्यांच्या लेखनातून जाणवते.

मे १९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. पंडित कुटुंब मूळचे कोकणातील, पण राजकोटला स्थायिक झालेले. रणजित पंडित बॅरिस्टर होते, युरोपातील अनेक भाषा त्यांना अवगत होत्या आणि संस्कृतवर त्यांचे मनापासून प्रेम होते. कल्हणाच्या ‘राजतरंगिणी’चा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद बहुतांशी तुरुंगात सिद्ध झाला. विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याच्या महाराष्ट्रीय रिवाजानुसार स्वरूपकुमारी या विजयालक्ष्मी झाल्या. जगाने त्यांना ज्या नावाने ओळखले, ते नाव असे मराठी घरातून आलेले आहे. चंद्रलेखा, नयनतारा आणि रीता या त्यांच्या तीन कन्या. त्यांपैकी नयनतारा सहगल पुढे इंग्रजीतील नामवंत कादंबरीकार झाल्या.

असहकार आणि कायदेभंगाच्या चळवळींनी या घराचे रूप पालटून टाकले. विजयालक्ष्मींना तीन वेळा कारावास घडला. १९३७ च्या निवडणुकीनंतर संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळात स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य ही खाती त्यांच्याकडे आली. भारतातील मंत्रिपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला. हिंदुस्थानला न विचारता त्याला युद्धात ओढले गेले म्हणून १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, तेव्हा त्याही बाहेर पडल्या. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारलाही आपल्या देशाच्या युद्ध-शांततेविषयी शब्द उच्चारता येत नाही, हा अनुभव पुढे परराष्ट्र व्यवहारात गेलेल्या या बाईंनी असा प्रांतिक सचिवालयात बसून घेतला होता.

१९४४ च्या जानेवारीत रणजित पंडित यांचे निधन झाले. बरेलीच्या तुरुंगातील हालअपेष्टांनी त्यांची प्रकृती ढासळली होती आणि सुटकेनंतर ती सावरली नाही. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते, मुलगा नव्हता. सासरच्या मालमत्तेवरून वाद उभा राहिला आणि हिंदू विधवेला कायदा किती तोकडा आधार देतो, हे माजी मंत्री असलेल्या, देशभर नाव असलेल्या या स्त्रीला स्वतःच्या संसारात कळले. १९४१ ते १९४३ या काळात त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष होत्या. स्त्रियांच्या वारसाहक्काचा प्रश्न त्यांना नवा नव्हता. परंतु व्यासपीठावरून मांडलेला प्रश्न आणि घरातील कपाटाच्या किल्ल्यांपाशी येऊन थांबलेला प्रश्न यांत फरक असतो. मानवी हक्क हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात उच्चारण्यापूर्वी त्यांनी त्याचा अभाव असा भोगलेला होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्या अमेरिकेला गेल्या. दोन मुली तेथे शिकत होत्या. शिवाय तेजबहादूर सप्रू यांच्या पुढाकाराने पॅसिफिक क्षेत्राच्या प्रश्नांवरील परिषदेसाठी जे भारतीय शिष्टमंडळ निघाले होते, त्याचे नेतृत्व त्यांच्याकडे सोपविण्यात आले. व्हर्जिनियातील हॉट स्प्रिंग्ज येथे जानेवारी १९४५ मध्ये ही परिषद भरली. त्यानंतर महिनोन् महिने त्या अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देत फिरल्या.

२५ एप्रिल १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करणारी परिषद सुरू झाली. भारत त्या परिषदेत होता. पण भारताचे प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. रामस्वामी मुदलियार, फिरोजखान नून आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी हे अधिकृत आसनांवर बसले होते. विजयालक्ष्मींना सभागृहात स्थान नव्हते. अमेरिकेतील भारतीय संघटनांच्या पाठबळावर त्यांनी पत्रकार परिषदा घेतल्या, सभा गाजविल्या आणि परिषदेला निवेदन सादर केले. जो देश स्वतः पारतंत्र्यात आहे, त्याच्या नावाने स्वातंत्र्याच्या सनदेवर स्वाक्षरी करण्याचा अधिकार नेमलेल्या माणसांना कसा पोहोचतो, हा त्यांचा मुद्दा होता. अधिकृत प्रतिनिधींपेक्षा या अनधिकृत पाहुणीकडे अमेरिकी वृत्तपत्रांचे अधिक लक्ष गेले. दीड वर्षाने त्याच संस्थेच्या सभागृहात त्या अधिकृत आसनावर बसल्या.

त्या कशासाठी बसल्या, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८६० पासून नाताळच्या ऊसमळ्यांसाठी भारतातून करारबद्ध मजूर नेले जात होते. करार संपल्यावर जे तेथेच राहिले आणि जे व्यापारासाठी मागाहून गेले, त्यांच्यावर कर, परवाने आणि हद्दबंदी यांचे फास आवळत गेले. या विषयावर दबावाचे साधन म्हणून भारताच्या कायदेमंडळाचा पहिला वापर गोपाळ कृष्ण गोखले यांनी केला. १९१० मध्ये नाताळला मजूर पाठविणे थांबवावे असा ठराव त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला आणि सरकारने तो स्वीकारला. १९१२ मध्ये ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, तेथील मंत्र्यांना भेटले. त्या मंत्र्यांत जनरल यान स्मट्स हेही होते. १९१४ मध्ये गांधीजींशी समझोता करणारे स्मट्स तेच आणि १९४६ मध्ये विजयालक्ष्मींच्या समोर बसलेले पंतप्रधान स्मट्सही तेच.

१९२७ च्या केपटाउन करारानंतर काही काळ बरा गेला. मात्र १९४३ मध्ये डर्बनमधील भारतीयांच्या मालमत्ता खरेदीवर निर्बंध आले आणि १९४६ च्या जूनमध्ये आशियाई लोकांच्या जमीनधारणेचा नवा कायदा लागू झाला. ठरवून दिलेल्या भागाबाहेर भारतीयांनी जमीन घ्यायची नाही, वास्तव्य करायचे नाही. मोबदल्यात संसदेसाठी मत देण्याचा अधिकार, पण उमेदवार गोराच असला पाहिजे, असे त्याचे स्वरूप होते. अडीच लाखांहून अधिक भारतीयांना तो मान्य नव्हता. १३ जूनपासून डॉ. युसूफ दादू आणि डॉ. मॉन्टी नायकर यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. डर्बनमधील मोकळ्या जागेवर तंबू ठोकून सत्याग्रही बसले. गोऱ्या टोळ्यांनी त्यांच्यावर हल्ले केले. दोन वर्षांत दोन हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले.

भारतातील पहिले पाऊल मात्र हंगामी सरकारने उचलले नव्हते, ही बाब आज सहसा कोणाच्या स्मरणात नसते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात राष्ट्रकुल संबंधांचे खाते नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे यांच्याकडे होते. १९३८ मध्ये काँग्रेस श्रेष्ठींनी मध्य प्रांताच्या मुख्यमंत्रिपदावरून ज्यांना दूर केले, तेच हे खरे. त्यांच्या कारकिर्दीत दक्षिण आफ्रिकेशी असलेला व्यापार करार संपविण्यात आला, तेथील भारताचे उच्चायुक्त रामराव देशमुख यांना परत बोलावण्यात आले, संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार गेली आणि जुलैत व्यापारबंदी जाहीर झाली. दक्षिण आफ्रिकेकडे जाणारी निर्यात भारताच्या एकूण निर्यातीच्या सुमारे ५.५ टक्के होती. तागाची पोती तेथील धान्य व्यापाराला हवी होती, हे खरे. तथापि युद्धाने आणि दुष्काळाने पिचलेल्या देशाला एक बाजारपेठ स्वतःहून बंद करणे सोपे नव्हते. नंतरच्या काळात बड्या राष्ट्रांनी मानवी हक्कांच्या नावाने अनेकदा निर्बंध लादले, पण त्याची झळ बहुधा दुसऱ्याला बसे. येथे झळ स्वतःला बसणार हे ठाऊक असून निर्णय घेतला गेला होता.

२ सप्टेंबर १९४६ रोजी हंगामी सरकार अधिकारावर आले, परराष्ट्र खाते जवाहरलाल नेहरूंनी स्वतःकडे ठेवले आणि तक्रार पुढे नेण्याचे काम बहिणीवर सोपविले. घराणेशाहीचा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. पण सॅन फ्रान्सिस्कोतील त्यांची कामगिरी पाहिलेल्यांना ही निवड अनपेक्षित वाटली नसावी. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. सी. छागला आणि व्ही. के. कृष्ण मेनन हे शिष्टमंडळात होते. निघण्यापूर्वी त्या गांधीजींना भेटल्या. ज्या प्रश्नावर गांधीजींनी आयुष्याची २१ वर्षे वेचली, त्याच प्रश्नावर ही लढत होती. जय मिळो अथवा पराजय, स्मट्स यांच्याविषयी मनात कटुता ठेवू नये आणि बोलण्यात तोल ढळू देऊ नये, एवढेच त्यांनी बजावले.

स्मट्स यांची स्थिती चमत्कारिक होती. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या उद्देशिकेचा पहिला मसुदा त्यांचाच. मूलभूत मानवी हक्कांवरील श्रद्धा व्यक्त करणारे शब्द त्या उद्देशिकेत त्यांच्या आग्रहातून आले होते. बोअर युद्धात ब्रिटिशांविरुद्ध लढलेला, दोन महायुद्धांत ब्रिटिशांच्या बाजूने सल्ला देणारा, राष्ट्रसंघ आणि संयुक्त राष्ट्रे या दोन्ही संस्थांच्या उभारणीत हात असलेला हा मुत्सद्दी. त्या संस्थेत आलेल्या पहिल्या मोठ्या तक्रारींपैकी एकीत तोच आरोपीच्या जागी होता.

दक्षिण आफ्रिकेचा बचाव कायद्याचा होता. सनदेच्या दुसऱ्या कलमातील सातव्या परिच्छेदानुसार कोणत्याही देशाच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांना हस्तक्षेप करता येत नाही. तेथील भारतीय हे दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक आहेत. तेव्हा हा प्रश्न भारताचा नाही आणि संयुक्त राष्ट्रांचाही नाही. फार तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्यावे, अशी त्याची मांडणी होती. हा युक्तिवाद पोकळ नव्हता. अनेक लहान देशांना या कलमाचा आधार वाटत होता. आज दक्षिण आफ्रिकेची चौकशी झाली, तर उद्या आपली होईल, ही भीती सभागृहात केवळ गोऱ्या देशांनाच होती असे नाही.

भारताकडे दोन बाजू होत्या. पहिली सुरक्षित: केपटाउनचा करार हा दोन सरकारांतील करार असून तो मोडला गेल्यामुळे वाद आंतरराष्ट्रीय ठरतो. दुसरी धाडसाची: वंशाच्या आधारे माणसांचे अधिकार हिरावणे हे सनदेचेच उल्लंघन असल्याने ते कोणाचीही खासगी बाब राहू शकत नाही. कायदेपंडितांना पहिली बाजू पुरेशी वाटली असती. विजयालक्ष्मींनी दुसरीवर भर दिला. आमसभेतील भाषणांत त्यांनी करारातील कलमांची उजळणी करण्यापेक्षा नुकत्याच संपलेल्या महायुद्धाची आठवण करून दिली. वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धांत युरोपला कोठे घेऊन गेला, हे त्या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नव्हती. छागला आणि मेनन यांनी कायद्याची बाजू सांभाळली.

त्याच सुमारास आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. ए. बी. झुमा न्यूयॉर्कला आले होते. त्यांना सभागृहात स्थान नव्हते, जसे दीड वर्षापूर्वी विजयालक्ष्मींना नव्हते. भारतीय शिष्टमंडळाने त्यांच्याशी संपर्क ठेवला. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण भारताची तक्रार केवळ भारतीयांपुरती होती. बहुसंख्य आफ्रिकी जनतेची अवस्था त्याहून वाईट होती आणि ती कोणत्याच देशाच्या तक्रारीत नव्हती. पुढल्या मार्चमध्ये झुमा, नायकर आणि दादू या तीन डॉक्टरांनी एकत्र लढण्याचा जाहीर करार केला.

दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने आणखी एक प्रहार झाला आणि तो वर्मी लागणारा होता. भारतात अस्पृश्यता आहे, जातिभेद आहे, कलकत्त्यात आणि नोआखालीत माणसे एकमेकांना मारत आहेत. अशा देशाने इतरांना समतेचे धडे द्यावेत काय, असा तो सवाल होता. भारतीय शिष्टमंडळाचे उत्तर असे, की भारतातील दोष आम्ही नाकारत नाही. पण आमच्याकडे सुधारणेचा ओघ ते दोष मोडण्याच्या दिशेने आहे आणि दक्षिण आफ्रिकेत कायदाच भेद निर्माण करतो आहे. उत्तर वादात टिकण्याजोगे होते. तरीही प्रश्न तेथे संपत नव्हता. त्याच वर्षीच्या जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून, तेथील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे सादर केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. अस्पृश्यांनीही हाच मार्ग धरावा का, हा विचार त्यामागे होता. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारत जे दार उघडत होता, त्या दारातून भारताविरुद्धही कोणी आत येऊ शकत होते, हे आंबेडकरांनी सर्वांआधी ओळखले होते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे प्रकरण धाडण्याची सूचना आमसभेने फेटाळली. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मांडलेला ठराव मतास आला. त्याची भाषा सौम्य होती: भारतीयांना मिळणारी वागणूक दोन्ही सरकारांतील करारांना आणि सनदेच्या तरतुदींना अनुसरून असावी, दोन्ही सरकारांनी पुढील अधिवेशनात प्रगती कळवावी. आशियाई आणि अरब देश, सोव्हिएत संघ व त्याचे सहकारी, चीन, लॅटिन अमेरिकेतील अनेक देश बाजूने आले. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात गेले. दोन-तृतीयांश बहुमत जेमतेम जमले.

मतदानानंतर विजयालक्ष्मी स्मट्स यांच्या आसनापाशी गेल्या आणि आपल्या बोलण्यात गांधीजींच्या अपेक्षेत न बसणारे काही आले असल्यास क्षमा करावी, असे त्यांनी सांगितले. वृद्ध सेनापतीने त्यांचे हात हातात घेतले. हा विजय पोकळ आहे, या मतदानाने आपली पुढच्या निवडणुकीत सत्ता जाईल आणि भारताच्या पदरात मात्र काहीही पडणार नाही, असे भाकीत त्यांनी केले. विजयालक्ष्मींनी आपल्या आठवणींत हा प्रसंग नोंदविलेला आहे.

भाकीत खरे ठरले. १९४७ च्या अधिवेशनात याच विषयावरील ठरावाला दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. १९४८ च्या मे महिन्यात डॉ. मालन यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला, स्मट्स स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले आणि वर्णभेदाला राजधोरणाचा दर्जा मिळाला. १९५० च्या गटनिहाय वस्ती कायद्याने १९४६ चा कायदा सौम्य वाटावा अशी परिस्थिती आणली. बाहेरच्या दडपणामुळे गोरे मतदार अधिक कडवे झाले काय? स्मट्स यांच्या पराभवाला देशांतर्गत कारणे पुष्कळ होती, आणि न्यूयॉर्कच्या मतदानाला त्याचे सारे श्रेय किंवा अपश्रेय देणे अतिशयोक्तीचे होईल. तरी डर्बनच्या भारतीय दुकानदाराच्या दृष्टीने पाहिले, तर आमसभेतील टाळ्यांनंतर त्याची स्थिती सुधारली नाही, बिघडली, हे नाकारता येत नाही. मानवी हक्कांसाठी परराष्ट्र धोरण राबविणाऱ्या प्रत्येक देशाला हा हिशेब कधी ना कधी मांडावा लागतो. विजयालक्ष्मींना तो पहिल्याच लढाईत मांडावा लागला.

बदल घडला तो हळूहळू आणि दुसऱ्या ठिकाणी. भारत दरवर्षी हा विषय आमसभेपुढे आणत राहिला. १९५२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अन्यायी कायद्यांविरुद्ध आफ्रिकी व भारतीयांचा संयुक्त प्रतिकार सुरू झाला, त्या वर्षीच्या सप्टेंबरात भारतासह १३ आशियाई-अरब देशांनी केवळ भारतीयांचा नव्हे, तर संपूर्ण वर्णभेदाचाच प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर घेण्याची मागणी केली. भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व पुन्हा विजयालक्ष्मींकडे होते. आमसभेने तीन सदस्यांचा आयोग नेमला. दक्षिण आफ्रिकेने त्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही. पण अंतर्गत बाब ही सबब त्यानंतर कधीच पूर्वीइतकी भक्कम राहिली नाही. १९४६ मध्ये ज्या झुमांना सभागृहाबाहेर थांबावे लागले, त्यांच्या जनतेचा प्रश्न आता सभागृहात होता.

दरम्यान त्या मॉस्को आणि वॉशिंग्टन येथे भारताच्या राजदूत होत्या. मॉस्कोतील दोन वर्षांत स्टालिन यांनी त्यांना एकदाही भेट दिली नाही. १५ सप्टेंबर १९५३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. या पदावर येणाऱ्या त्या जगातील पहिल्या महिला. थायलंडचे प्रिन्स वान त्यांच्या विरोधात उभे होते. अध्यक्षपद सन्मानाचे असते, त्यात स्वतःची बाजू मांडण्यास वाव नसतो; त्यामुळे चरित्रलेखकांनी या वर्षाला जितके महत्त्व दिले आहे, तितके ते देण्याचे कारण नाही.

१९५४ अखेरपासून त्या लंडनमध्ये उच्चायुक्त होत्या. १९५६ च्या शरद ऋतूत दोन संकटे एकाच वेळी आली. सुएझवर ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांनी केलेल्या आक्रमणाचा भारताने तत्काळ आणि स्पष्ट शब्दांत निषेध केला. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले, तेव्हा मात्र भारताचा स्वर अडखळला. आमसभेतील पहिल्या निषेध ठरावावर भारत तटस्थ राहिला आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली हंगेरीत मुक्त निवडणुका घ्याव्यात असे म्हणणाऱ्या ठरावाच्या विरोधात कृष्ण मेनन यांनी मत दिले. अंतर्गत बाब या ज्या सबबीविरुद्ध भारत दहा वर्षे झगडला होता, तिचाच प्रतिध्वनी आता भारताच्या भूमिकेत ऐकू येत असल्याची टीका देशातही झाली. जयप्रकाश नारायण हे टीकाकारांत आघाडीवर होते. हे धोरण लंडनच्या इंडिया हाउसमध्ये ठरत नव्हते. तरीही त्याचे समर्थन करण्याचे काम प्रत्येक राजदूताच्या वाट्याला आले आणि १९४६ च्या विजेत्याही त्यातून सुटल्या नाहीत.

नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणाच्या सावटात, त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईत आल्या. यशवंतराव चव्हाण नुकतेच संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले होते. राज्यपालपदी असतानाच १९६३ मध्ये त्यांनी आमसभेतील भारतीय शिष्टमंडळाचे पुन्हा एकदा नेतृत्व केले. त्याच अधिवेशनात सर्व प्रकारच्या वंशभेदाच्या निर्मूलनाचा जाहीरनामा संमत झाला. बंधूंच्या निधनानंतर त्या फुलपूरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. पण भाची इंदिरा गांधी यांच्या दिल्लीत त्यांचे मन रमले नाही. १९६८ मध्ये खासदारकीचा राजीनामा देऊन त्या डेहराडूनला राहावयास गेल्या.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. नागरिकांचे मूलभूत हक्क स्थगित झाले, विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर नियंत्रण आले. परदेशांतून टीका होऊ लागली, तेव्हा दिल्लीतून मिळणारे उत्तर ओळखीचे होते: ही भारताची अंतर्गत बाब आहे. ज्या बाईंनी या उत्तराविरुद्ध आयुष्याचा मोठा भाग खर्ची घातला, त्या डेहराडूनच्या घरात बसून ते ऐकत होत्या. फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणूक जाहीर झाल्यावर, ७६ वर्षांच्या विजयालक्ष्मी निवृत्ती सोडून बाहेर पडल्या. जगजीवन राम यांच्या काँग्रेस फॉर डेमोक्रसीला आणि जनता पक्षाला त्यांनी पाठिंबा जाहीर केला आणि भाचीच्या राजवटीविरुद्ध सभा घेतल्या. नेहरूंच्या भगिनीने नेहरूंच्या कन्येविरुद्ध उभे राहणे, ही त्या निवडणुकीतील अत्यंत बोलकी घटना ठरली. घरातील जुने मनमुटाव यामागे होते, असे म्हणणारेही होते, आणि ते मुळीच नव्हते असा दावा करणे धाडसाचे ठरेल. परंतु मनमुटाव दहा वर्षांचा होता. त्या घराबाहेर पडल्या त्या आणीबाणीनंतर.

जनता सरकारने १९७८ मध्ये त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून पाठविले. परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी होते. याच आयोगावर तीन दशकांपूर्वी हंसा मेहता यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले होते आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील पुरुषवाचक शब्दाऐवजी सर्व मानव असा शब्द घालण्याचा आग्रह यशस्वी केला होता. जिनिव्हाच्या त्या दालनात दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न अजूनही कार्यक्रमपत्रिकेवर होता.

१९७९ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९९० च्या फेब्रुवारीत नेल्सन मंडेला २७ वर्षांच्या कारावासानंतर मुक्त झाले आणि ऑक्टोबरात भारतभेटीवर आले. भारताने त्यांना भारतरत्न प्रदान केले. त्यानंतर काही आठवड्यांनी, १ डिसेंबर १९९० रोजी, विजयालक्ष्मी पंडित यांनी डेहराडून येथे अखेरचा श्वास घेतला. दक्षिण आफ्रिकेशी भारताचे राजनैतिक संबंध १९९३ मध्ये प्रस्थापित झाले. पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये त्या देशात सर्व वर्णांच्या नागरिकांनी प्रथमच एका रांगेत उभे राहून मतदान केले. त्या रांगांत डर्बनचे भारतीयही होते.